स्फोट दिसला पण रेडिओत काहीच नाही, मग त्यावरून निष्कर्ष कसा काढतात?

नगरी मास्तर:

नमस्कार मंडळी. अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो, खगोलशास्त्र हा माझा विषय नाही पण नाद आहे, तेव्हा प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

टाइप वन-ए सुपरनोव्हा म्हणजे श्वेतबटू ताऱ्याचा (इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला घट्ट गाभा) स्फोट, चंद्रशेखर मर्यादा साधारण १.४ सौरवस्तुमान, शेजारच्या ताऱ्याकडून माल ओढत ओढत बटू त्या मर्यादेपाशी आला की आतला कार्बन पेटतो आणि अख्खा ताराच उडतो, इथपर्यंत पुस्तकात आहे आणि पोरांनाही मी तसंच सांगतो. पण हल्ली वाचत होतो त्यात म्हटलंय की तो शेजारी नेमका कोण असतो हेच अजून पक्कं ठरलेलं नाही, आणि ते शोधायला रेडिओ दुर्बिणी लावतात. २०११ मध्ये एसएन २०११एफई झाला, २०१४ मध्ये एसएन २०१४जे, दोन्ही आपल्या मानाने जवळचे, जगातल्या चांगल्या चांगल्या रेडिओ दुर्बिणी तिकडे वळवल्या आणि... काहीच दिसलं नाही. शून्य. आणि गंमत म्हणजे त्या शून्यावर पेपर छापून आले, त्यात आकडासुद्धा आहे की ताऱ्याच्या आसपास अमुक इतकंच द्रव्य असू शकतं म्हणून!

माझी गाडी इथे अडलीये. दिसलं नाही यावरून आकडा कसा काढतात? आणि स्फोट साध्या दुर्बिणीत झकास दिसतोय, स्पेक्ट्रम मिळतोय, मग रेडिओच कशाला? शिवाय जीएमआरटी, म्हणजे नारायणगावजवळची मोठी रेडिओ दुर्बीण, आमच्यापासून तासा-दोन तासांवर आहे, तिचा या भानगडीत काही हात आहे का? मूळ इंग्रजी पेपर उघडून बघितला पण दुसऱ्याच पानावर एप्सिलॉन बी वगैरे सुरू झालं, मिटवून ठेवला.

लघुतरंग:

मास्तर, प्रश्न अजिबात बाळबोध नाही, या विषयातल्या कॉन्फरन्समध्ये चहाच्या वेळी लोक अजून यावरच भांडतात.

आधी रेडिओच का ते सांगतो, कारण तिथेच सगळी गोम आहे. टाइप वन-एचा जो उजेड आपल्याला दिसतो तो स्फोटात तयार झालेल्या निकेल-५६ मुळे. त्याचं अर्धं आयुष्य सहा दिवस, त्यातून कोबाल्ट-५६, त्याचं ७७ दिवस, शेवटी लोखंड. म्हणजे दिसणारा प्रकाश हा आतला माल. बटूच्या बाहेर काय होतं, शेजारी कोण होता, त्याचा वारा (ताऱ्यातून सतत बाहेर पडणारा वायू) वाहत होता का, याबद्दल हा प्रकाश फार कमी बोलतो. रेडिओचं बरोबर उलटं. उडालेलं द्रव्य सेकंदाला वीस-वीस हजार किलोमीटरने बाहेर पडतं, ते बाहेरच्या वायूवर आदळलं की शॉक तयार होतो, त्या शॉकमध्ये इलेक्ट्रॉन पुढे-मागे आपटून आपटून प्रचंड ऊर्जेला पोचतात आणि तिथल्याच चुंबकीय क्षेत्रात गरगर फिरत रेडिओ लहरी सोडतात. सिंक्रोट्रॉन, तुमच्या सिलॅबसमध्ये असेलच कुठेतरी कोपऱ्यात. आता आदळायला बाहेर काही नसेलच तर? शॉकमध्ये जोर नाही आणि रेडिओही नाही. म्हणजे ऑप्टिकलमध्ये स्फोट कितीही झगमगो, रेडिओ फक्त आसपासच्या द्रव्याबद्दल बोलतो, म्हणूनच तो लावायचा.

हे नुसतं कागदावरचं नाही हं. मोठे तारे कोसळून होणारे सुपरनोव्हा रेडिओत व्यवस्थित दिसतात. एम८१ दीर्घिकेतला एसएन १९९३जे तर कित्येक वर्षं दिसत होता, त्याचं रेडिओ कवच फुगत जाताना मोजलंय लोकांनी. तिथे मरणाऱ्या ताऱ्याने आधी भरपूर वारा सोडलेला असतो. रॉजर शेव्हॅलिये यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जे गणित मांडलं तेच थोड्याफार फरकाने आजही वापरतात आणि अशा सुपरनोव्हांवर ते चालतं.

आता शून्यातून आकडा. गणित उलटं करायचं. समजा शेजारी एक लाल राक्षसी (म्हातारपणी फुगलेला) तारा होता आणि तो दरवर्षी इतका माल इतक्या वेगाने सोडत होता असं धरा, मग स्फोटानंतर दुसऱ्या दिवशी, पाचव्या दिवशी, एकोणिसाव्या दिवशी अमुक फ्रिक्वेन्सीला किती रेडिओ यायला पाहिजे ते काढा. तुमच्या दुर्बिणीचा नॉइज किती ते तुम्हाला माहिती असतंच. यायला हवा होता तो सिग्नल नॉइजच्या कितीतरी वर असेल आणि तरी नकाशात तिथे काही नसेल, तर ते गृहीत धरलेलं वारं तिथे नव्हतं. मग वारं कमी कमी करत जायचं, जिथे सिग्नल नॉइजमध्ये बुडून जाईल तिथे थांबायचं. तो आकडा म्हणजे वरची मर्यादा. 'इतकं आहे' असं कोणीच म्हणत नाहीये, 'याहून जास्त नाही' एवढंच म्हणतात.

२०११एफई ची केस भारी होती कारण तो स्फोटानंतर काही तासांतच पकडला गेला, २४ ऑगस्ट २०११ ला अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेच्या सर्व्हेमध्ये, आणि अंतर फक्त २.१ कोटी प्रकाशवर्षं. सप्तर्षीच्या शेपटाजवळची एम१०१ दीर्घिका. अमेरिकेतल्याच व्हीएलए या रेडिओ दुर्बिणीने दुसऱ्या दिवसापासून एकोणिसाव्या दिवसापर्यंत लक्ष ठेवलं, काही नाही मिळालं, आणि लॉरा चोमियुक यांच्या गटाने मर्यादा काढली ती वर्षाला सूर्याच्या वस्तुमानाचे १०० कोटी भाग केले तर त्यातला ०.६ भाग, वाऱ्याचा वेग सेकंदाला १०० किमी धरून. ऐकायला काहीच कळत नाही म्हणून हिशोब करून बघितला, तर ते होतं वर्षाला आपल्या चंद्राच्या साठाव्या भागाएवढं द्रव्य. २.१ कोटी प्रकाशवर्षं लांबून!

आणि अजून एक मजेची गोष्ट, ही वर्गात नक्की सांगा. राक्षसी ताऱ्याचा वारा मंद असतो, सेकंदाला दहा-वीस किमी. शॉक वीस हजारांनी पळतोय. म्हणजे शॉक एका दिवसात जितकं अंतर कापतो तितकं जायला त्या वाऱ्याला दोन हजार दिवस, साडेपाच वर्षं लागलेली असतात. स्फोटानंतर पहिल्या दिवशीचं निरीक्षण म्हणजे मरणाआधीच्या साडेपाच वर्षांचा हिशोब, वर्षभराने केलेलं निरीक्षण म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचा. लवकर बघा, उशिरा बघा, दोन्ही करा असं सगळे सांगतात ते यासाठी. दुर्बिणीचा वेळ मात्र तसा मिळत नाही, ते वेगळं रडगाणं.

शंकेखोर:

लघुतरंग, छान लिहिलंय पण तुम्ही मास्तरांना एप्सिलॉन बी पासून शिताफीने लांब नेलंत, आणि सगळी मेख तिथेच आहे.

मास्तर, मी इंजिनियर माणूस, त्यामुळे आकडा दिसला की पहिलं विचारतो, यात काय काय धरून चाललात? तर शॉकच्या ऊर्जेपैकी किती भाग चुंबकीय क्षेत्रात जातो त्याला एप्सिलॉन बी म्हणतात आणि किती भाग इलेक्ट्रॉनना मिळतो त्याला एप्सिलॉन ई. हे दोन्ही कोणी टाइप वन-ए मध्ये मोजलेले नाहीत, मोजणार कसे, रेडिओ दिसलेलाच नाही! दुसऱ्या जातीच्या सुपरनोव्हांवरून उचललेले असतात. एप्सिलॉन बी ०.१ धरा, एक मर्यादा येते, ०.०१ धरा, मर्यादा काही पटींनी सैल होते. दोन्ही आकडे पेपरमध्ये दिलेले असतात हे मान्य, पण बातमीत येतो तो कडक आकडाच.

दुसरं म्हणजे सगळं गणित वारा सतत, सारखा, चहूबाजूंनी वाहतोय असं धरून आहे. प्रत्यक्षात असा बटू मधूनमधून नोव्हाचे छोटे स्फोट करत असेल तर प्रत्येक वेळी आसपासचं झाडून लांब ढकलणार, म्हणजे जवळ पोकळी आणि लांबवर कवच. पहिल्या वीस दिवसांत शॉक पोकळीतूनच पळतोय, मग रेडिओ कुठून दिसणार? तिसरी पळवाट त्याहून बेरकी, काही सिद्धांतवाले म्हणतात की माल घेताना बटू जोरात गिरकी घ्यायला लागतो आणि त्या गिरकीमुळे मर्यादा ओलांडूनही तो तगून राहतो, मग माल येणं थांबतं, शेजाऱ्याचं बाहेरचं आवरण संपतं, वारा पांगून जातो, गिरकी हळूहळू मंदावते आणि मग स्फोट. तोपर्यंत साक्षीदार गायब. 'लाल राक्षसी तारा नव्हता' असं ठणकावून सांगितलं की म्हणून माझ्या पोटात दुखतं.

लघुतरंग:

शंकेखोर साहेब, तिन्ही मुद्दे बरोबर आहेत, पण त्यांचं वजन सारखं नाही.

एप्सिलॉन बी बद्दल: मर्यादा पाचपट सैल झाली, दहापट झाली तरी चालतं, कारण सिंबायोटिक, म्हणजे श्वेतबटू आणि लाल राक्षसी अशा, जोडीतल्या राक्षसी ताऱ्यांचा वारा या मर्यादेच्या शेकडो पट वर असतो. ते तारे वर्षाला सूर्याच्या एक कोटीव्या भागाच्या आसपास माल सोडतात, आणि तोही मंद वेगाने, म्हणजे वायू अजूनच दाट. मधल्या आकाराचे शेजारी असतील तिथे मात्र तुमची हरकत खरी, साधा मुख्य क्रमावरचा, सूर्यासारखा तारा असेल तर रेडिओला सध्या काही फारसं म्हणता येत नाही.

आणि चुंबकीय क्षेत्राच्या कटकटीतून सुटायला दुसरी वाट आहे ती म्हणजे एक्स-रे. शॉकमधले तेच वेगवान इलेक्ट्रॉन सुपरनोव्हाच्याच प्रकाशाला धडकतात आणि त्या फोटॉनना एक्स-रेपर्यंत चढवतात, या प्रकारात चुंबकीय क्षेत्र लागतच नाही. २०११एफई ला चंद्रा आणि स्विफ्ट या उपग्रहांनी बघितलं, तिथेही शून्य, आणि त्यावरून आलेली मर्यादा रेडिओपेक्षा तिपटीने सैल पण एप्सिलॉन बी शिवायची. म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन गृहीतकांवरून लोक जवळपास एकाच जागी पोचले. वर हबलचे स्फोटाआधीचे फोटो काढून बघितले तर त्या जागी तेजस्वी लाल राक्षसी तारा नव्हताच. हा तिसरा साक्षीदार. एवढ्यावर मी तरी 'या एका केसमध्ये नव्हता' असं म्हणायला तयार आहे.

२०१४जे तर याच्याही जवळचा, एम८२, साधारण १.१५ कोटी प्रकाशवर्षं. (तो सापडला कसा माहितीये? लंडनच्या मिल हिल वेधशाळेत सर विद्यार्थ्यांना दुर्बीण चालवायला शिकवत होते, ढग यायला लागले म्हणून घाईघाईत उघड्या राहिलेल्या आकाशातली एम८२ लावली आणि त्यात एक जादाचा तारा!) त्यावर व्हीएलए, ब्रिटनची ई-मर्लिन, युरोपचं दुर्बिणींचं जाळं सगळं लावलं. तिथेही शून्य आणि मर्यादा २०११एफई च्या जवळपासची.

पोकळी आणि गिरकी या मुद्द्यांवर एका स्फोटावरून उत्तर मिळणार नाही हे खरं. म्हणूनच २०१६ मध्ये चोमियुक यांच्याच गटाने ८५ स्फोटांची रेडिओ निरीक्षणं एकत्र मांडली, सगळी स्फोटानंतरच्या पहिल्या वर्षातली, एकही दिसला नाही. त्यावरून त्यांनी म्हटलं की लाल राक्षसी शेजारी असलेल्या केसेस दहा टक्क्यांच्या आत. गिरकीवाली पळवाट राहतेच, पण ती प्रत्येक स्फोटाला लावायची म्हटलं तर अवघड आहे. बाकी दोन श्वेतबटू एकमेकांभोवती फिरत फिरत धडकले असं धरलं तर वाराच नाही, आसपास स्वच्छ, आणि रेडिओची शांतता आपोआप बसते. सिद्ध मात्र होत नाही, शांतता दोन-तीन कथांना एकदम लागू पडते हीच तिची अडचण.

नारायणगाव स्टँड:

जीएमआरटीचं कोणी बोललंच नाही अजून! मी त्याच भागातला, लहानपणापासून त्या डिश बघतोय, तेव्हा माझा हक्क आहे.

मास्तर, एकूण ३० डिश, प्रत्येकी ४५ मीटर, त्यातल्या १४ खोडदजवळ साधारण एका चौरस किलोमीटरमध्ये आणि बाकीच्या १६ तीन फाट्यांवर लांबवर, सगळा पसारा २५ किलोमीटरचा. गोविंद स्वरूप सरांचं काम. पण ही दुर्बीण कमी फ्रिक्वेन्सीची, अपग्रेड झाल्यावरही साधारण १२० ते १४५० मेगाहर्ट्झ. २०११एफई ला व्हीएलएने जे लावलं ते सहा गिगाहर्ट्झच्या आसपास, ते आपल्याकडे होत नाही. अशा बारीकशा, लवकर विझणाऱ्या सिग्नलसाठी वरच्या फ्रिक्वेन्सीच बऱ्या. पण खालच्या फ्रिक्वेन्सीला एक वेगळी गंमत आहे आणि ती खोडदने २००६ मध्ये करून दाखवली.

भुजंगधारीत आरएस ऑफियुकी म्हणून तारा आहे. श्वेतबटू, मर्यादेच्या अगदी जवळ पोचलेला, आणि शेजारी लाल राक्षसी तारा, म्हणजे लघुतरंग वर ज्या जोडीबद्दल बोलतायत ती जोडी आपल्याच आकाशगंगेत जिवंत बसलीये. याचा सुपरनोव्हा नाही होत, नोव्हा होतो, बटूच्या अंगावर साचलेला हायड्रोजन तेवढा पेटतो, बटू शाबूत राहतो, परत साचवायला लागतो. १८९८, १९३३, १९५८, १९६७, १९८५, मग १२ फेब्रुवारी २००६. २००६ ला पुण्याच्या एनसीआरएच्या (जीएमआरटी चालवणारी संस्था) निमिषा कांथारिया आणि बंगळुरूच्या आयआयए या खगोलसंस्थेच्या लोकांनी मिळून जीएमआरटी लावली, विसाव्या दिवशी ६१० मेगाहर्ट्झला दिसला आणि अडतिसाव्या दिवशी ३२५ ला. एक गिगाहर्ट्झच्या खाली हा तारा त्याआधी कोणी पकडलाच नव्हता. १९८५ ला तर ३२७ मेगाहर्ट्झवर सहासष्टाव्या दिवशीसुद्धा काही नव्हतं.

आता यातून काय निघालं बघा. राक्षसी ताऱ्याचा वारा आयनित झालेला असतो आणि तो कमी फ्रिक्वेन्सी जास्त गिळतो, वरची कमी गिळतो. म्हणजे शॉकमधून निघालेला ३२५ चा सिग्नल बाहेर पडायला जितका उशीर, तितका समोर वारा दाट. २००६ ला तो लवकर बाहेर पडला, १९८५ ला अडकून बसला होता. त्यावरून त्यांनी हिशोब लावला की २००६ ला समोरच्या वाऱ्याची घनता १९८५ च्या जेमतेम तीस टक्के होती. त्याच ताऱ्याच्या आसपासचं द्रव्य एकवीस वर्षांत इतकं बदललं आणि ते कळलं कशावरून तर रेडिओ किती दिवस उशिरा आला यावरून. मला तरी हे त्या ८५ शून्यांपेक्षा जास्त आवडतं, राग मानू नका.

ऑगस्ट २०२१ ला तो परत फुटला. आपल्याकडे पावसाळा, आकाश झाकलेलं, हौशी लोकांचे हाल. रेडिओला मात्र ढगांचं काही घेणंदेणं नाही. तेव्हा दक्षिण आफ्रिकेच्या मीरकॅट आणि युरोपच्या लोफारने कमी फ्रिक्वेन्सीला बघितला आणि नामिबियातल्या हेस दुर्बिणींनी तर त्याचे गॅमा किरण पकडले.

अवांतर: आमच्याकडे सध्या जीएमआरटी म्हटलं की लोकांना नियोजित पुणे-नाशिक रेल्वेच आठवते, तिचा जीएमआरटीजवळून जाणारा मार्ग बदलायचा विषय निघाला की चौकात चर्चा पेटते. माझं म्हणणं दोन्ही बाजूंना पटत नाही त्यामुळे इथे लिहीत नाही. पण मायक्रोजान्स्की (रेडिओ सिग्नल मोजायचं इवलंसं एकक) म्हणजे किती बारीक सिग्नल असतो हे एकदा समजून घेतलं की शास्त्रज्ञ ठिणग्या उडवणाऱ्या ओव्हरहेड वायरला का घाबरतात ते कळतं एवढंच.

नगरी मास्तर:

वा! सगळ्यांचे आभार, विशेषतः ३२५ मेगाहर्ट्झचा मुद्दा झकास, प्लाझ्मा फ्रिक्वेन्सीनंतर लगेच तो शिकवता येईल. शंकेखोर साहेबांमुळे एप्सिलॉन बी पण कळला, आता तो पेपर परत उघडतो.

पण मग एक सरळ प्रश्न. आजपर्यंत एकही टाइप वन-ए रेडिओत दिसलाच नाही असं समजायचं का? मला कुठेतरी हेलियमवाल्या एका सुपरनोव्हाबद्दल वाचल्यासारखं वाटतंय.

द्विनेत्री:

दिसलाय ना मास्तर, एक दिसलाय! एसएन २०२०ईवायजे. मे २०२३ मध्ये नेचरला आला होता. तपशील लघुतरंगदादा सांगतील, मी आपली दुर्बीण घेऊन गच्चीवर जाणारी बाई.

लघुतरंग:

ताईंनी बरोबर सांगितलं. हे प्रकरण जरा सविस्तर सांगण्यासारखं आहे.

मार्च २०२० मध्ये पालोमारच्याच झेडटीएफ सर्व्हेत हा सापडला. सुरुवातीचा स्पेक्ट्रम अगदी साधा टाइप वन-ए, कोणी फार लक्ष दिलं नसतं. नेहमीसारखा उजेड वाढला, उतरायला लागला, आणि मग दीड-दोन महिन्यांनी उतरण थांबल्यासारखी झाली. निकेल-कोबाल्टच्या हिशोबाने जितकं मंद व्हायला पाहिजे तितका होईना. काहीतरी वेगळीच ऊर्जा आत येत होती. चारेक महिन्यांनी स्पेक्ट्रम घेतला तर त्यात हेलियमच्या बारीक रेघा. बारीक म्हणजे मंद वेगाचा हेलियम, स्फोटातला असता तर रेघ पसरट झाली असती. म्हणजे हा हेलियम आधीपासून बाहेर बसलेला होता आणि उडालेलं द्रव्य जाऊन त्याच्यावर आदळलं होतं. याआधी आसपासच्या द्रव्यावर आदळणारे टाइप वन-ए सापडले होते, २००२ चा एसएन २००२आयसी वगैरे, पण तिथे हायड्रोजन असायचा, आणि रेडिओत ते सगळे गप्पच.

स्टॉकहोम विद्यापीठाच्या एरिक कूल यांच्या गटाने मग ई-मर्लिन लावली, पाच गिगाहर्ट्झला. शॉक बाहेर पसरलेल्या द्रव्यात असेल तर उशिरासुद्धा रेडिओ येईल या हिशोबाने, आणि ६०५ व्या दिवशी तो दिसला. परत ७४१ व्या दिवशी बघितलं, तेव्हाही होता. अंतर ४० कोटी प्रकाशवर्षांहून जास्त! म्हणजे २०११एफई पेक्षा वीसपट लांब असूनही दिसला आणि तो शेजारचा असून दिसला नाही, यावरूनच आसपासच्या मालातला फरक लक्षात येईल.

यातून निघालं काय तर त्या बटूचा शेजारी बहुधा हेलियम तारा होता, म्हणजे बाहेरचा हायड्रोजन आधीच गमावून बसलेला, आणि तो बटूला हेलियम देत होता, बराचसा बाहेरही सांडत होता. 'दोन बटूंची धडक' ही कथा या केसला बसत नाही, हेलियम इतका बाहेर आला कुठून याचं उत्तर तिच्याकडे नाही.

आणि अशी जोडी आपल्याकडे आहे का, तर असावी. व्ही४४५ पपिस. २००० साली तिथे नोव्हा झाला त्यात हायड्रोजनचा पत्ताच नव्हता, नुसता हेलियम, म्हणून त्याला हेलियम नोव्हा म्हणतात. व्हीएलएचा जुना डेटा काढून २०२१ मध्ये मिरियम न्यामाई आणि मंडळींनी दाखवलं की त्याचा रेडिओ कित्येक वर्षं टिकला होता आणि तो सिंक्रोट्रॉनच होता, साध्या नोव्हात सहसा गरम वायूचा रेडिओ जास्त असतो. म्हणजे तिथेही आदळायला भरपूर काहीतरी होतं. २०२०ईवायजे सारखे स्फोट अशाच जोडीतून होतात असं मी म्हणत नाही, पण पैज लावायची झाली तर मी तिकडे लावीन.

शंकेखोर:

पैज बेताची लावा. एका घटनेवरून एकच म्हणता येतं की हा रस्ता आहे. किती जण या रस्त्याने जातात ते कळायला अजून बरेच सापडायला हवेत. शिवाय इथेही ६०५ आणि ७४१ असे दोनच बिंदू, दोन बिंदूंतून रेघ तर कोणीही काढतो.

पण हेही सांगतो की या केसमध्ये माझी एप्सिलॉनची हरकत थोडी बोथट होते. आधी सिग्नलच नव्हता तेव्हा गृहीतकांवर सगळा डोलारा होता. आता रेडिओ, ऑप्टिकलची उतरण आणि हेलियमच्या रेघा अशा तीन गोष्टी एकाच मॉडेलला बसवायच्या आहेत, त्यात मनमानी करायला जागा कमी उरते. द्रव्य किती याचा अंदाज तरीही ०.३ ते १ सौरवस्तुमान इतका पसरट आहे.

नारायणगाव स्टँड:

एक सौरवस्तुमान?? म्हणजे बटू १.४ चा आणि बाहेर सांडलेलंच एकपर्यंत? हा शेजारी आहे का धरण फुटलंय!

लघुतरंग:

हो ना. आणि तिकडे २०११एफई मध्ये वर्षाला चंद्राचा साठावा भागसुद्धा नाही. म्हणून हल्ली आमच्यातले बरेच जण 'टाइप वन-ए चा शेजारी कोण' असं एकवचनी विचारणं सोडून देतायत. दिसायला एकसारखे, अंतर मोजायला चालतात, पण घडण्याच्या तऱ्हा एकाहून जास्त असाव्यात.

नवीन दुर्बिणींबद्दल कोणी विचारेल म्हणून आधीच सांगतो: एसकेए ही अनेक देशांनी मिळून बांधायची मोठी रेडिओ दुर्बीण आली की याच प्रकारची निरीक्षणं कितीतरी जास्त बारकाईने होतील. भारत त्यात आहे, २०२४ च्या सुरुवातीला १,२५० कोटींची मंजुरी जाहीर झाली आणि आपल्याकडून पुढाकार एनसीआरएचा. पण उशिरा, वर्षा-दोन वर्षांनी परत परत जाऊन बघायचं हे काम आजच्या दुर्बिणींनीही होतं, त्याला फक्त चिकाटी आणि वेळ-वाटप समितीची कृपा लागते.

नगरी मास्तर:

शेवटचं विचारतो, मग तुम्हाला सोडतो. पोरांना यातलं काही स्वतः करता येईल असं आहे का? जीएमआरटीचा डेटा मिळतो का बाहेरच्यांना?

लघुतरंग:

मिळतो. निरीक्षण करणाऱ्यांची ठरावीक मुदत संपली की डेटा एनसीआरएच्या ऑनलाइन आर्काइव्हमध्ये खुला होतो, रजिस्टर करून मागवता येतो. पण तो कच्चा असतो, त्यातून नकाशा काढायला कासा वगैरे सॉफ्टवेअर शिकावं लागतं, बारावीच्या पोरांना झेपायचं नाही, इंजिनियरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला एखादा हुशार पोरगा करून जाईल. शाळेसाठी ताईंना विचारा.

द्विनेत्री:

मास्तर, पोरांना आरएस ऑफियुकीचा प्रकाश-आलेख काढायला लावा. एएव्हीएसओ या हौशी निरीक्षकांच्या संस्थेच्या साइटवर ताऱ्याचं नाव टाकलं की जगभरच्या लोकांनी टिपलेल्या प्रती (तेजस्वितेचे आकडे) येतात. २००६ आणि २०२१ चे दोन्ही स्फोट एकाच कागदावर स्फोटापासूनच्या दिवसांनुसार मांडायला सांगा, इतके एकमेकांवर बसतात की पोरं विचारतील एवढं सारखं कसं. मग त्यांना नारायणगावकरांचा तीस टक्क्यांचा मुद्दा सांगा, १९८५ आणि २००६ ला उजेड जवळपास तसाच पण रेडिओ वेगळा.

दुसरं म्हणजे उत्तर मुकुटातला टी कोरोना बोरियालिस. हीही तीच जोडी, श्वेतबटू आणि लाल राक्षसी तारा, २२७ दिवसांत एक फेरी. १८६६ ला फुटला, १९४६ ला फुटला, आणि २०२४ पासून आता होतो मग होतो म्हणून आम्ही सगळे मान वर करून बसलोय. एरवी दहाव्या प्रतीचा, साध्या डोळ्यांना दिसत नाही, फुटला की ध्रुवताऱ्याइतका होईल. स्वाती आणि अभिजित यांना जोडणारी रेघ काढली की स्वातीच्या बाजूला अर्धवर्तुळात बसलेले तारे दिसतात तो मुकुट. मे-जूनच्या रात्री बघा, पाऊस सुरू व्हायच्या आत. पोरांना त्या अर्धवर्तुळातल्या ताऱ्यांची आत्ताच ओळख करून ठेवा, म्हणजे त्यात एक जास्तीचा आला तर लगेच कळेल.

नारायणगाव स्टँड:

आणि तो नेमका जुलैतच फुटणार, लिहून घ्या.